आखूड, तोकडे आणि थोडके

गेल्या दिवाळीतील गोष्ट. आकुर्डीस आमच्या घरी तीन पिढ्या एकत्र नांदतात. त्यामुळे आकाशकंदील लावणे हे एका माणसाचे काम राहत नाही, तो एक लहानसा समारंभच होतो. वसुबारसेच्या सायंकाळी आम्ही गच्चीवर उभे होतो आणि आमची नात मोठ्या उत्साहाने खटपट करीत होती. ती इंग्रजी शाळेत सातव्या इयत्तेत शिकते.

प्रथम ती म्हणाली, "आजोबा, वायर शॉर्ट पडते आहे." आम्ही दुसरी वायर काढून दिली. मग ती स्टुलावर चढली, टाचा उंच केल्या, आणि म्हणाली, "मीच शॉर्ट आहे, काकाला बोलवा." काका येईपर्यंत तिने आम्हांस तीन वार्ता सांगितल्या. यंदाची सुट्टी फार शॉर्ट आहे. गेल्या वर्षीचा परकर शॉर्ट झाला आहे. आणि फुलबाज्या आणण्यास पन्नास रुपये शॉर्ट आहेत. पूर्वी आकुर्डी हे एक लहानसे गाव असताना येथे दिवाळी कशी होई, ते आम्ही तिला सांगू लागलो, तो ती म्हणाली, "आजोबा, शॉर्टमध्ये सांगा ना!" इतक्यात काका आला, त्याने बटण दाबले, फट् असा आवाज झाला, आणि घरभर अंधार पसरला. काळोखातून काकाचा आवाज आला, "शॉर्ट झाला वाटतं!"

अर्ध्या तासात सात वेळा एकच शब्द आमच्या कानी पडला. आयुष्याची पस्तीसहून अधिक वर्षे मुलांना मराठी व संस्कृत शिकविण्यात गेलेली असल्यामुळे आम्हांस तो शब्द त्या रात्री झोप येऊ देईना. आम्ही मनातल्या मनात त्या सात 'शॉर्ट' शब्दांच्या जागी आमच्या लहानपणीचे शब्द ठेवून पाहिले. वायर आखूड होती. मुलगी ठेंगणी होती, किंवा तिचा हात पोचत नव्हता. सुट्टी थोडी होती. परकर तोकडा झाला होता. पैसे कमी पडत होते. गोष्ट थोडक्यात सांगावयाची होती. सातवा शॉर्ट मात्र आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. तो विजेबरोबर आला, आणि ज्या गावात घरटी एक माणूस कारखान्यात जातो तेथे त्याला कोणी परका म्हणणार नाही. स्टेशन, टेबल, पेन ह्या शब्दांप्रमाणे तो वस्तूबरोबर आलेला पाहुणा आहे व आता घरचाच झाला आहे. आमची तक्रार उरलेल्या सहांविषयी आहे. त्या सहा ठिकाणी आमच्याजवळ शब्द होते, आणि ते सहा शब्द परस्परांहून निराळे होते.

ते किती निराळे होते हे जरा पाहण्यासारखे आहे. 'आखूड' हे मापाचे काम आहे. दोरी, काठी, बाही, शिंगे ही आखूड असतात. त्यात दोष असतोच असे नाही. सर्व गुण एकाच ठिकाणी मागणाऱ्या चोखंदळ गिऱ्हाइकास आपण 'आखूडशिंगी बहुदुधी' गाय हवी म्हणून हसतो, तेथे आखूडपणा हा गुणच मानलेला आहे. 'तोकडे' ह्या शब्दात मात्र गरज डोकावते. जे अंगाला पुरत नाही ते तोकडे. म्हणून कपडा तोकडा असतो, मदत तोकडी असते, ज्ञान तोकडे असते, आणि संकटाच्या वेळी आपले हातही तोकडे पडतात. पगार 'तुटपुंजा' असतो, कारण तेथे पुंजीच तुटलेली असते. रोपटे पाण्यावाचून 'खुरटे' राहते. माणूस ठेंगणा, बुटका किंवा गिड्डा असतो. आणि जो शरीराने नव्हे तर मनाने लहान आहे त्याला आपण 'खुजा' म्हणतो. स्वर 'ह्रस्व' असतो, वृत्तातील अक्षर 'लघु' असते, आयुष्य 'अल्प' असते, वृत्तांत 'संक्षिप्त' असतो, आणि पेन्सिल झिजून झिजून तिचे 'थोटूक' होते. ह्या प्रत्येक शब्दाबरोबर बोलणाऱ्याचे मत येते. परकर आखूड आहे म्हटले तर ती शिवण्याची तऱ्हा असू शकेल. तोकडा आहे म्हटले की मुलगी वाढली आहे हे ऐकणाऱ्यास कळते. 'शॉर्ट' म्हटल्याने ह्यांतले काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाच्या वेळी आम्ही हा विषय काढला, तेव्हा सूनबाई हसून म्हणाल्या, "बाबा, इंग्रजीत तसं एकच शब्द वापरतात, त्याला मुलं काय करणार?" हे म्हणणे आम्हांस पटण्यासारखे वाटले, परंतु मास्तरकीची खोड अशी की कोश उघडून पाहिल्यावाचून कोणतेही म्हणणे पटवून घ्यावयाचे नाही. आमच्या घरी ऑक्सफर्डचा 'कन्साइज' नावाचा कोश आहे. त्याचे नावच आपल्या विषयातले आहे. फाउलर बंधूंनी तो १९११ साली प्रथम सिद्ध केला. ऑक्सफर्डचा मूळ महाकोश १८८४ पासून १९२८ पर्यंत चव्वेचाळीस वर्षे खंडशः निघत होता. १९३३ साली त्याचा 'शॉर्टर' म्हणून जो संक्षेप निघाला तोही दोन जाडजूड खंडांचा आहे! तेव्हा 'शॉर्टर' हा 'कन्साइज'हून मोठा, ही गोष्ट ऐकून नातीची चांगलीच करमणूक झाली, आणि तिने कोश मांडीवर ओढून घेतला.

आम्ही तिला काम असे दिले. ज्यांच्या अर्थात 'शॉर्ट' ही कल्पना येते असे शब्द तिने हुडकावे व मोठ्याने वाचावे, आणि घरातील मंडळींनी त्यांस मराठी शब्द सांगावा. दिवाळीचे चार दिवस हा खेळ आमच्या घरी चालला. भाग सर्वांनी घेतला. आमचे धाकटे बंधू येथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांनी घेतला, सूनबाईंनी घेतला, परंतु सर्वांत अधिक शब्द कोणी सांगितले म्हणाल तर आमच्या मोठ्या वहिनींनी. वहिनी सातवीच्या पुढे शिकलेल्या नाहीत, आणि त्यांचे बहुतेक आयुष्य कोकणातील आमच्या मूळ गावी गेले.

नात वाचू लागली. "नॅप, म्हणजे शॉर्ट झोप." वहिनी म्हणाल्या, "डुलकी." "शॉवर, म्हणजे शॉर्ट पाऊस." "सर." "लल, म्हणजे मधेच थोडा वेळ सारं शांत होणं." येथे आम्ही 'उसंत' म्हणालो, पण वहिनी म्हणाल्या, "पावसाची असेल तर उघडीप म्हणावं, भावोजी." "ग्लिम्प्स." सूनबाई म्हणाल्या, "ओझरतं दर्शन." "नोट, म्हणजे शॉर्ट पत्र." "चिठ्ठी." "डॅगर, म्हणजे शॉर्ट तलवार." ह्यावर धाकटे बंधू एकदम म्हणाले, "कट्यार!" "स्कर्मिश, म्हणजे शॉर्ट लढाई." "चकमक." "स्किट, म्हणजे शॉर्ट नाटक." "प्रहसन." "गॅस्प, म्हणजे शॉर्ट श्वास." "धाप लागणं." "स्टब, म्हणजे शॉर्ट उरलेला तुकडा." "थोटूक." "जॅकेट, म्हणजे शॉर्ट कोट." "बंडी."

पाडव्यापर्यंत साठांच्या वर शब्द झाले. तेव्हा नातीनेच एक गोष्ट बोलून दाखविली, ती आम्हांस मोठी मार्मिक वाटली. ती म्हणाली, "आजोबा, मोठ्या आजीच्या एकाही शब्दात शॉर्ट नाहीये. आणि खरं म्हणजे इंग्रजी शब्दांतही नाहीये. शॉर्ट फक्त अर्थ सांगताना येतो."

हेच ह्या विषयाचे मर्म होय. कोशकारास अर्थ सांगावयाचा असतो, म्हणून त्याला 'थोडा वेळ घेतलेली झोप' असे म्हणणे भाग पडते. पण इंग्रज मनुष्य दुपारी 'शॉर्ट स्लीप' घेत नाही, तो नॅप घेतो. आणि आपणही थोडी झोप न घेता डुलकी घेतो. ज्याच्याजवळ शब्द नाही त्याला व्याख्येवर काम भागवावे लागते. आमची मुले मराठी बोलताना 'शॉर्ट' म्हणतात तेव्हा ती इंग्रजीही नीट बोलत नाहीत आणि मराठीही नाही. ती दोन भाषांच्या मधल्या ओसरीवर उभी राहून कोशातल्या व्याख्या बोलतात. तेव्हा दोष इंग्रजीचा नव्हे. इंग्रजीच्या घरात शेकडो खोल्या आहेत. आपली मुले तिच्या उंबऱ्यावरचा पहिला शब्द उचलून परत येतात, एवढेच.

वाचकहो, ह्या खोल्यांत शिरले म्हणजे आणखी एक मौज दिसते. दोन भाषांनी एकमेकींस न विचारता एकच कल्पना योजिलेली आढळते. 'कर्ट' हा शब्द घ्या. लॅटिन 'कुर्टुस' म्हणजे छाटलेला, ह्यापासून तो आला, आणि आज त्याचा अर्थ तोडून टाकल्यासारखे उद्धट उत्तर असा होतो. आपण अशा उत्तरास काय म्हणतो? तुटक. तिकडे छाटलेले, इकडे तुटलेले! त्याच कुळातला 'कर्टेल' म्हणजे काटछाट करणे. त्याच्या शेवटी शेपटीचा 'टेल' आहे असे ऐकणारास वाटते; परंतु मूळ शब्द शेपूट छाटलेल्या घोड्याचे नाव होता, आणि ते शेपूट शब्दाच्या रूपात लोकांनी मागाहून चिकटविले. 'सक्सिंक्ट' म्हणजे आटोपशीर. त्याचा लॅटिनमधील मूळ अर्थ वस्त्र आवरून कंबर कसलेला असा आहे. पदर खोचून कामाला लागलेल्या गृहिणीचे चित्रच ते. आणि आपल्या 'आटोपशीर' शब्दातही आवरून घेण्याचीच कल्पना आहे. 'लॅकॉनिक' हा शब्द स्पार्टाच्या लॅकोनिया प्रांतावरून आला. तेथील लोक मितभाषी. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने त्यांस धमकी पाठविली की मी तुमच्या देशात शिरलो तर तुमची धूळधाण करीन. त्यांनी उत्तरादाखल 'जर' एवढाच शब्द पाठविला, अशी कथा आहे. आणि 'शॉर्ट', 'शर्ट' व 'स्कर्ट' हे तिन्ही शब्द एकाच मुळापासून निघालेले सख्खे चुलत आहेत, ही गोष्ट कपाटातील कपड्यांकडे पाहून कोणास सुचली असती?

संस्कृतात ह्या कामी निराळी दृष्टी दिसते. 'संक्षेप' शब्दात क्षिप् म्हणजे टाकणे हा धातू आहे, आणि 'सम्' म्हणजे एकत्र. 'समास' शब्दात अस् म्हणजे टाकणे हाच अर्थाचा दुसरा धातू आहे, आणि पुन्हा 'सम्'. म्हणजे संक्षेप व समास ह्या दोहोंतही काही छाटावयाचे नाही. विखुरलेले एकत्र आणून ठेवावयाचे आहे. उलट 'त्रोटक' शब्दात त्रुट् म्हणजे तुटणे आहे. म्हणून संक्षिप्त वृत्तांत आणि त्रोटक वृत्तांत ह्यांत आपण भेद करितो. पहिल्यात सारे असते, पण थोड्या जागेत. दुसऱ्यात बरेचसे गळून गेलेले असते. 'ह्रस्व' आणि 'ऱ्हास' हे एकाच ह्रस् धातूचे पुत्र आहेत. तथापि ह्रस्व इकाराने भाषेचा ऱ्हास होत नाही, तो योग्य जागी नसला तर होतो. आणि 'लघु' हा तर इंग्रजी 'लाइट' व लॅटिन 'लेविस' ह्या शब्दांचा दूरचा बंधू आहे. प्राकृतात त्यातील अक्षरांची अदलाबदल होऊन आपला 'हळू' शब्द तयार झाला. त्यास कमीपणा मुळीच नाही. लघुकथा, लघुनिबंध, लघुलेखन हे शब्द मराठीने किती सहज घडविले! आमच्या आकुर्डी-चिंचवड-भोसरीच्या परिसरात तर मोठ्या कारखान्यांच्या सावलीत हजारो कुटुंबांचे पोट लघुउद्योगांवर चालते.

थोडक्यात बोलण्याचा आमच्या पूर्वजांइतका ध्यास क्वचितच कोणी घेतला असेल. पाणिनीने संस्कृतासारख्या अफाट भाषेचे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसविले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माइतका आनंद होतो, अशी त्यांच्याविषयी जुनी म्हण आहे. त्याने चौदा सूत्रांत वर्ण मांडले आणि त्यांवरून प्रत्याहार बनविले. 'अच्' म्हटले की सर्व स्वर, 'हल्' म्हटले की सर्व व्यंजने. आपण आजही पाय मोडलेल्या अक्षरास हलन्त म्हणतो, तो हाच हल्. परंतु सूत्राचे लक्षण सांगताना शास्त्रकारांनी अक्षरे थोडी असावीत एवढेच सांगितले नाही. त्याच्या पाठोपाठ ते संदेह न ठेवणारे असावे, अशी अट घातली. ही दुसरी अट आम्ही वाचकांस मुद्दाम लक्षात ठेवण्यास सांगतो. पुढे तिचे काम पडणार आहे.

आमच्या गावातही प्रत्याहारांचा सुकाळ आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स निघाली, ती लोकांच्या तोंडी 'एचए' झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ते 'एमआयडीसी'. १९८२ साली महानगरपालिका झाली, ती 'पीसीएमसी'. टाटांच्या कंपनीने २००३ साली नाव पालटले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ती अद्याप 'टेल्को'च आहे. ह्या सर्वांत आम्हांस विशेष कौतुक वाटते ते एकाच शब्दाचे. १९७२ साली येथे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. लोकांनी त्याची आद्याक्षरे घेतली नाहीत. शेवटचा शब्द तेवढा ठेवला. २०२१ साली ती संस्था दुसऱ्या मोठ्या प्राधिकरणात विलीन झाली, परंतु त्या वसाहतीस लोक 'प्राधिकरण'च म्हणतात, आणि रिक्षावाला ते ऐकून बरोबर नेऊन सोडतो. आद्याक्षरे गोळा करणे ही एक रीत, आणि एक सार्थ शब्द राखून बाकीचे सोडणे ही दुसरी. दोन्ही चालतात; कारण येथे राहणारास संदेह पडत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यास मात्र पडतो, आणि तो आमच्या घरी पोचण्यापूर्वी दोन वेळा फोन करितो.

तेव्हा मुले फोनवर आद्याक्षरांत लिहितात म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आमच्या पिढीस नाही. आम्ही काय करीत होतो? वडिलांस 'ति.', मुलास 'चि.', सुवासिनीस 'सौ.', परलोकवासी माणसास 'कै.', पत्राच्या आरंभी 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शेवटी राहिलेली गोष्ट 'ता. क.' म्हणून. नातीस आम्ही हे दाखविले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या वेळीही होतंच की, आजोबा!" होते खरे. शाळेतल्या मुलांच्या सोयीसाठी मोठ्या ग्रंथांचे संक्षेपही तेव्हापासूनचेच. मोल्सवर्थ साहेबांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली, आणि अवघ्या सहा वर्षांत, १८६३ साली, बाबा पदमनजी ह्यांनी त्याचा संक्षेप सिद्ध केला. चांगल्या संक्षेपाने मोठा ग्रंथ गरिबाच्या घरी जातो.

परंतु संक्षेप कोठे संपतो आणि तोकडेपणा कोठे सुरू होतो, हे आम्हांस कोणत्याही कोशाने शिकविले नाही. ते दोन शब्दांच्या एका तारेने शिकविले.

ही हकीकत १९८४ सालच्या मार्च महिन्यातली. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो, शाळेत नुकतेच लागलो होतो, आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या होत्या. आमची आई कोकणात थोरल्या बंधूंजवळ असे. एके दुपारी तारवाला आला. तार येणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांस कळावयाचे नाही. १८५५ साली ह्या देशात तार सर्वांस खुली झाली आणि २०१३ च्या जुलैत ती कायमची बंद पडली. शेजारची चार माणसे नुसत्या तारवाल्यास पाहून गोळा होत. थरथरत्या हाताने आम्ही तार उघडली. आत 'मदर अनवेल' एवढेच दोन शब्द होते.

आम्ही ते शब्द वाचून सुटकेचा निःश्वास टाकला. ह्याचे कारण असे की त्या काळी तारेचीही एक भाषा ठरून गेली होती. 'सीरियस' असा शब्द आला म्हणजे बहुधा सारे आटोपलेच आहे, असे लोक समजत. येथे सीरियस नव्हते, निघून या असेही नव्हते. आम्ही मनाशी म्हटले, ताप असेल, खोकला असेल; बंधूंनी कळवून ठेविले. परीक्षेचे दोन पेपर उरले होते, ते उरकून आम्ही तिसऱ्या दिवशी रात्रीच्या एस. टी. ने निघालो. घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसे बसलेली होती.

बंधूंनी आम्हांस पुढे सांगितले. पोस्टात त्यांनी प्रथम चार शब्द लिहिले होते, 'मदर अनवेल कम सून.' मग त्यांना वाटले, हा पोर परीक्षेच्या गडबडीत आहे, उगाच घाबरेल. आई म्हणते आहे भेट व्हावी, परंतु वैद्य तर अजून आशा देतात. त्यांनी शेवटचे दोन शब्द खोडले. त्यांना वाटले की तार आली एवढ्यावरूनच आम्ही उमजू. आम्हांस वाटले की जे लिहिले नाही ते नाहीच. दोघांच्याही समजुतीत काही खोट नव्हती. बंधूंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. त्यानंतर वहिनी आकुर्डीस आमच्याकडे राहावयास आल्या.

ती तार आमच्या ट्रंकेत अजून आहे. तिला संक्षिप्त म्हणता येत नाही, कारण तिच्यात सारे नव्हते. तिला आखूड म्हणणे म्हणजे नुसते माप सांगणे. तिला तोकडी हाच शब्द शोभतो. ती आमच्या गरजेस पुरली नाही. आज कोणी तिला 'शॉर्ट तार' म्हणाला तर तो खोटे बोलला असे होणार नाही, परंतु आमचे काय गेले हे त्यास सांगता यावयाचे नाही.

एवढी जुनी गोष्ट सांगण्यास एक ताजे निमित्त घडले. आमचा थोरला नातू नागपुरास वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकतो. ह्या पौष महिन्यात एके रात्री कुटुंबातल्या सर्वांच्या फोनवर त्याचा निरोप आला, 'नॉट वेल. बाय.' आम्ही जेवणे आटोपून बसलो होतो. एकाने म्हटले सर्दी झाली असेल. दुसऱ्याने म्हटले परीक्षा आली की ह्याला काहीतरी होतेच. सूनबाईंनी उत्तर लिहिले, 'टेक केअर.' विषय संपला होता. वहिनी कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी नातीस तो निरोप पुन्हा वाचावयास सांगितला, आणि त्याचा मराठीत अर्थ विचारला. अर्थ ऐकताच हातातला कापूस खाली ठेवून त्या आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, त्याला आत्ताच्या आत्ता फोन करा."

फोन केला. पोर तीन दिवस तापाने फणफणले होते. पोटात अन्न ठरत नव्हते. खोलीतला सोबती गावी गेलेला. परीक्षा जवळ आहे, घरचे उगाच घाबरतील, म्हणून त्याने जास्त लिहिले नव्हते. त्याचा बाप त्याच रात्री निघाला. डेंग्यू निघाला, आठ दिवस दवाखान्यात राहावे लागले, आणि ईश्वरकृपेने तो बरा झाला.

तो घरी आल्यावर आम्ही त्याला ती तार दाखविली. उपदेश फारसा केला नाही. वहिनी समोर बसल्या होत्या. त्याने ती दोन वेळा वाचली, आणि मोठ्या आजीच्या पाया पडला. आता तो नागपुराहून लिहितो तेव्हा निरोपाच्या आरंभी थट्टेने 'सा. न. वि. वि.' घालतो, आणि पुढे काय जेवला, ताप आहे की नाही, पैसे पुरतात की नाही हे तीन ओळींत कळवितो. तीन ओळी म्हणजे फार नव्हेत. पण त्या वाचून घरात कोणास काही विचारावे लागत नाही.

नातीची वही अजून चालू आहे. परवा ती धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, वहीची पानं संपत आली." आम्ही विचारले, "म्हणजे वही आता कशी झाली?" ती क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "अपुरी." वहिनींनी तिला दुसरी वही आणण्यास पैसे दिले.